सत्कर्मांची वही: चालू ठेवावी की बंद करावी?

अंगणवेल (रविवार, रात्री १०.२०)

नमस्कार. बऱ्याच दिवसांपासून मनात घोळत असलेला एक प्रश्न आपणा सर्वांपुढे मांडते आहे.

आम्ही पुण्याजवळ धायरीला राहतो. मुलगी दहा वर्षांची आणि मुलगा सहा वर्षांचा असून दोघेही घरीच शिकतात. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मुलगी मोठ्या शिशुगटात होती. शाळा पुन्हा उघडल्यावर तिला परत पाठवायचे की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली, थोडी भांडणे झाली, सासूबाईंचा दोन दिवसांचा अबोलाही झाला आणि शेवटी मी प्रयोगशाळेतली नोकरी सोडून हे काम अंगावर घेतले. बाहेरून पाहणाऱ्याला घरशिक्षण म्हणजे काहीतरी मोठा प्रयोग वाटतो. प्रत्यक्षात भाकरीचे आधी चार आणि मग आठ भाग करून अपूर्णांक शिकवणे, मेथी निवडता निवडता पाढे म्हणून घेणे, दुपारी मुलांना आजीजवळ वाचायला बसवणे आणि या सगळ्यात कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरणे, एवढेच त्याचे स्वरूप असते.

शाळेत मूल्यशिक्षणाचा तास असतो, आपल्याकडे तसा काही नाही, ही रुखरुख मला होती. म्हणून गेल्या दिवाळीच्या पाडव्याला मी एक दोनशेपानी वही आणली. रोज रात्री अंथरुणावर पडण्यापूर्वी प्रत्येकाने डाव्या पानावर आज केलेले एक चांगले काम लिहायचे आणि उजव्या पानावर आज कोणाबद्दल कृतज्ञ वाटते ते लिहायचे, असा नियम ठरला. धाकट्याचे तो सांगेल तसे मी लिहिते. सुरुवातीचे महिने फार गोड गेले. ‘आजीच्या चष्म्याच्या काचा पुसल्या’, ‘गच्चीवरच्या कुंडीत पाणी घातले, एक साळुंकी आंघोळ करून गेली’ अशा नोंदी आजही वाचाव्याशा वाटतात. पुढे उजव्या पानावर सलग नऊ दिवस ‘आई, बाबा, आजी, पाऊस’ एवढेच आले, त्याकडे मी फारसे लक्ष दिले नाही.

गेल्या मंगळवारची गोष्ट. भर दुपारी कुरिअर घेऊन एक मुलगा आला. विशी-बाविशीचा असेल, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. मुलीने न सांगता आतून तांब्या-भांडे आणले. त्याने भांडे बाजूला ठेवले आणि तांब्यातूनच मान वर करून, ओठ न लावता पाणी घेतले. थोडे त्याच्या शर्टावर सांडले. मला भरून आले. तो तांब्या परत देत असतानाच मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, “आई, आजचे झाले माझे. वही कुठे आहे?” त्याने दोन पायऱ्या उतरता उतरता मागे वळून विचारले, “कसली वही?” मला काहीही उत्तर देता आले नाही.

तेव्हापासून ती वही कपाटावर ठेवली आहे. ती पुन्हा खाली काढावी की नाही, याबद्दल आपले अनुभव वाचायला आवडतील.

चिंचगूळ (रविवार, रात्री १०.४५)

माझ्या मुलाने अशाच एका वहीत ‘आज बहिणीला मारले नाही’ असे सलग अकरा दिवस लिहिले होते. बाराव्या दिवसाचे पान कोरे आहे.

तळ्यात मळ्यात (रविवार, रात्री ११.१०)

अंगणवेल, आपण स्वतःला फार बोल लावून घेत आहात, असे मला वाटते. मुलीने पाणी आधी दिले आणि वही नंतर आठवली, हा क्रम लक्षात घ्या. तिने आधी वही आठवून मग पाणी दिले असते तर गोष्ट वेगळी होती. शिवाय दहा वर्षांच्या मुलीकडून आपण निष्काम कर्मयोगाची अपेक्षा का करावी? अक्षर शिकताना आपण सगळ्यांनी पाटीवर एकेक अक्षर शंभर वेळा गिरवले आहे. तेव्हा त्या गिरवण्यात अर्थ नव्हता, शाबासकीची हाव मात्र होती. अक्षर वळणदार झाल्यावर गिरवणे आपोआप सुटले. चांगले वागणेही आधी गिरवावेच लागते. वही चालू ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

खडूफळा (सोमवार, सकाळी ६.५०)

मी परभणी जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत गेली एकोणीस वर्षे शिकवतो आहे, त्यामुळे माझे म्हणणे थोडे एकांगी वाटण्याची शक्यता आहे, तरीही लिहितो.

वही हा दुय्यम मुद्दा आहे. आपल्या मुलीला चांगले काम करण्यासाठी कुरिअरवाल्याची वाट पाहावी लागते, ही खरी अडचण आहे. आमच्या वर्गात रोज दुपारी खिचडी शिजते. ताटे धुवायला नळ एकच आहे. एकाने नळ धरायचा, दुसऱ्याने ताट विसळायचे, एखाद्याच्या डब्यात लोणचे असेल तर ते पाच जणांत फिरते, एखादी मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊनच वर्गात येते आणि बाकीच्या मुली त्याला आळीपाळीने सांभाळतात. यातल्या कोणालाही आपण सत्कर्म केले असे वाटत नाही, कारण तसे न करून त्यांचे चालणारच नसते.

सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यामागे मुलांनी एका छताखाली यावे हाही विचार होता, असे मी मानतो. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत हे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढल्या. पुढे १९५७ मध्ये ते काम कोसबाडला गेले. तिथे शाळा घराच्या अंगणात आली ती सगळ्या पाड्यातल्या मुलांसाठी आली. आपल्या अंगणात कोण कोण येते, हे विचारण्याचा मोह आवरत नाही. राग मानू नये.

अंगणवेल (सोमवार, दुपारी २.३०)

गुरुजी, राग मुळीच नाही. नळ धरण्याचे आपले उदाहरण सकाळपासून डोक्यातून जात नाही.

एवढेच सांगते, की आमची मुले बंद दारामागे वाढत नाहीत. दर शनिवारी आम्ही घरशिक्षण घेणारी चार कुटुंबे एकत्र टेकडीवर जातो, मुलगी कथकला जाते, मुलगा खालच्या मैदानात असतो. मात्र हे सगळे आम्ही निवडलेले लोक आहेत, हे मला मान्य करावेच लागेल. नको असलेल्या माणसाशेजारी वर्षभर एका बाकावर बसण्याचा अनुभव मी त्यांना देऊ शकलेले नाही. अंगणात कोण येते, याचे उत्तर आज माझ्याजवळ नाही.

पैलतीर (सोमवार, सायंकाळी ७.१५)

मी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात राहते आणि सात वर्षे दोन मुलांना घरी शिकवते आहे. इथे घरशिक्षणाला कायद्याने मान्यता आहे, पण आमच्या राज्याचे नियम बरेच काटेकोर आहेत. वर्षाला १८० दिवस किंवा प्राथमिक वर्गांसाठी ९०० तास शिकवल्याची नोंद ठेवावी लागते, मुलांच्या कामाची फाइल तयार करावी लागते आणि वर्षाअखेरीस ती तपासून घ्यावी लागते. त्यामुळे लिहून ठेवणे माझ्या हाडीमाशी खिळले आहे. त्यातच वाढदिवसानंतर प्रत्येक भेटवस्तूसाठी आभाराचे हस्तलिखित पत्र पाठवण्याची इथे पद्धत आहे. माझी मुले ती पत्रे डोळे मिटून लिहितात. एकदा धाकट्याने न आलेल्या पाहुण्यालाही ‘तुमची भेट फार आवडली’ असे पत्र पाठवून दिले.

खरी गंमत झाली ती दोन वर्षांपूर्वी नाशिकला माहेरी गेलो तेव्हा. मुलगा जेवायला बसला आणि आई वाढत असलेल्या प्रत्येक पोळीला ‘थँक यू, आजी’ म्हणू लागला. तिसऱ्या पोळीला आईने लाटणे खाली ठेवले आणि मला विचारले, “हा मला परकी समजतो का गं? मी काय खानावळ चालवते?” मी समजावण्याचा प्रयत्न केला, पण माझी मलाच ती बाजू पटेना. आपल्याकडे घरात आभार मानत नाहीत. पोळी आवडली तर आणखी अर्धी मागून घेतात, आणि वाढणारीला ते पुरते.

तेव्हा, अंगणवेल, उजवे पान का सुकले याचे कारण हे असावे. ‘आई, बाबा, आजी’ यांच्याबद्दल कृतज्ञ वाटते असे लिहिणे ही मराठी घरातल्या मुलाला उसनी वाटणारी भाषा आहे.

एल्बकाठ (सोमवार, रात्री ११.५०)

पैलतीर, आपण नोंदींच्या जाचाबद्दल लिहिता. मी जर्मनीत हॅम्बुर्गला आहे. इथे मुलाला शाळेत पाठवणे सक्तीचे असून घरी शिकवण्याची पळवाट जवळपास नाहीच. त्यामुळे हा धागा मी थोड्या असूयेने वाचतो आहे.

मुक्काम पोस्ट (मंगळवार, सकाळी ९.०५)

विषय थोडा बाजूला जाईल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. आम्हीही मुलाला घरी शिकवण्याचा विचार करीत आहोत. पुढे परीक्षेचे काय करता?

अंगणवेल (मंगळवार, दुपारी ३.००)

थोडक्यात सांगते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेच्या, म्हणजे एनआयओएसच्या, मूलभूत शिक्षणाच्या तीन पातळ्या आहेत. त्या साधारणपणे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष मानल्या जातात. दहावीची परीक्षा वयाची चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर देता येते. सगळे विषय एकाच वेळी द्यावे लागत नाहीत. पाच वर्षांच्या मुदतीत टप्प्याटप्प्याने देता येतात, ही मोठी सोय आहे. आपल्या राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायची असेल तर १७ नंबरचा फॉर्म असतो. त्याच्या अटी वेगळ्या आहेत, त्या मंडळाकडेच विचारून घ्याव्यात. मुलीच्या बाबतीत आम्ही एनआयओएसचा विचार करतो आहोत.

चिंचगूळ (मंगळवार, दुपारी ३.२०)

परीक्षेवर चर्चा गेली की आणखी चार पाने तिथेच जातील, हे या स्थळाचे आजवरचे वैशिष्ट्य आहे. कुरिअरवाला अजून जिन्यात उभा आहे, मंडळी.

कास्तकार (मंगळवार, रात्री ८.४०)

पैलतीर यांनी आभार आणि परकेपणाबद्दल लिहिले, त्यावरून आठवले म्हणून लिहितो. मी वर्धा जिल्ह्यात शेती करतो. आता आमच्याकडे बैलजोडी एकच उरली आहे, बाकी कामाला ट्रॅक्टर येतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलाच्या खांद्यावरची कातडी जाड आणि खरखरीत झालेली असते. त्या जागेवर हळद आणि तूप लावून हाताने चोळायचे. नुसते लावून चालत नाही, चोळावे लागते. कातडी मऊ पडेपर्यंत अर्धा तास सहज जातो. मग बैलाच्या कानाशी म्हणायचे, “आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.” घरच्या गोठ्यातल्या जनावराला आमंत्रण देण्याची ही पद्धत आहे. माझ्या वडिलांनी मला कृतज्ञता हा शब्द कधी शिकवला नाही, त्यांनी माझा हात धरून बैलाच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाले, “इथं दुखते त्याला.” मी तेव्हा सात वर्षांचा होतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ऋषिपंचमी येते. त्या दिवशी घरातल्या बाया बैलाच्या कष्टाचे काहीही खात नाहीत. नांगर न लागलेल्या जमिनीतल्या भाज्या आणि हाताने लावलेले धान्य एवढेच चालते. एक दिवस त्याच्या मेहनतीचे न खाल्ले की बाकीचे ३६४ दिवस आपण कोणाचे खातो, ते न सांगता कळते. माझी आई असा अर्थ सांगायची. शास्त्रात काय सांगितले आहे ते जाणकार सांगतील.

आमच्या घरी वही नाही. तुमच्या मुलीला पोळ्याला घेऊन या.

रातराणी (मंगळवार, रात्री १०.३०)

कास्तकार, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. “इथं दुखते त्याला” या तीन शब्दांपुढे आमची सगळी मूल्यशिक्षणाची पुस्तके फिकी आहेत.

घरशिक्षण आणि कृतज्ञता हे दोन विषय एकत्र आले की मला पंडिता रमाबाईंच्या आईची आठवण होते. लक्ष्मीबाई डोंगरे यांना त्यांचे पती अनंतशास्त्री यांनी लोकांचा विरोध पत्करून संस्कृत शिकवले, आणि लक्ष्मीबाईंनी पुढे ते मुलीला शिकवले. कुटुंब तीर्थयात्रेत गावोगाव फिरत असे. त्यातच स्वयंपाक, पाहुणे, पुराण सांगून मिळेल त्यावर चालवायचा संसार. दिवसभरात सवड नाही, म्हणून ही बाई पहाटे पाखरे जागी होण्याच्या वेळी लेकीला उठवून पाठ देत असे. घर नाही, फळा नाही, वेळापत्रक नाही. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ म्हटले तेव्हा आई हयात नव्हती. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील दोघेही गेले होते. १८८७ साली अमेरिकेत रमाबाईंचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले, ते त्यांनी आईच्या स्मृतीला अर्पण केले.

मला यात दोन गोष्टी दिसतात. कृतज्ञता पिकायला वेळ लागतो. रमाबाईंनी वयाच्या दहाव्या वर्षी रोज रात्री ‘आई’ असे लिहिले असते तर त्याला फारसा अर्थ नसता. दुसरी गोष्ट अंगणवेल यांच्यासाठी आहे. आपल्या वहीत आपण स्वतःचे काय लिहिता? नोकरी सोडली, चार घरांचे काम एकटी ओढते, हे कोणत्या पानावर येते?

अंगणवेल (बुधवार, दुपारी १.४५)

रातराणी, खरे सांगायचे तर माझ्या ओळी मी नेहमी शेवटी आणि घाईत लिहीत असे. आपला प्रश्न वाचून वही खाली काढली आणि माझी पाने पाहिली. डाव्या पानावर बहुतेक ठिकाणी ‘चिडले नाही’ असे आहे. चिंचगूळ यांच्या चिरंजीवांपेक्षा माझी प्रगती फारशी वेगळी दिसत नाही.

सांगलीचा दिवाणजी (बुधवार, सायंकाळी ६.१०)

मी सांगलीत हळदीच्या एका अडत दुकानात ३८ वर्षे हिशेब लिहिले. आता निवृत्त आहे. मुलांच्या शिक्षणातले मला काही कळत नाही, वहीतले थोडे कळते. म्हणून केवळ वहीपुरते लिहितो.

आपण पाडव्याला वही आणली, हे वाचून बरे वाटले. आमच्याकडेही नवी वही त्याच सुमारास पुजून सुरू होते. पहिल्या पानावर श्री काढतात. कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, लिहिताना दोन बाजू असतात: डावीकडे जमा, उजवीकडे नावे. ज्याच्याकडून आले ते त्याच्या खाती जमा करायचे आणि ज्याला दिले ते त्याच्या नावे टाकायचे. नावे टाकले म्हणजे तो माणूस आपले देणे लागतो. हळद घेऊन आलेल्या शेतकऱ्याला उचल दिली की ती त्याच्या नावे लागते, मग माल विकल्यावर हिशेबाच्या पट्टीतून वळती होते.

आता आपल्या मुलीची नोंद पाहा. तिने पाणी दिले आणि ते वहीत लिहायला निघाली. हिशेबाच्या भाषेत तिने एक तांब्या पाणी त्या मुलाच्या नावे टाकले. तो जिन्यात थबकला तो म्हणूनच. आपल्या खात्यावर काही चढते आहे, हे माणसाला लगेच कळते. आमच्या दुकानात शेतकरी लेखणीच्या आवाजावरून ओळखायचे.

वही वाईट नाही. तिच्यातली एकच बाजू आपण लिहिलीत. जमेची बाजू लिहा. तो मुलगा भर उन्हात तुमचे सामान घेऊन तीन मजले चढून आला असेल, तर ते कोणाच्या खाती जमा आहे? दूधवाला, कचऱ्याची गाडी, नळाला पाणी सोडणारा, यांची खाती उघडा. आणि ‘आई, बाबा, पाऊस’ असे मोघम चालणार नाही. कीर्दीत मोघम रक्कम लिहिली तर मालक पान फाडायला लावतो. कोणी, काय, किती, ते लिहावे लागते.

तळ्यात मळ्यात (बुधवार, रात्री ९.००)

दिवाणजी काका, आपला प्रतिसाद फार आवडला, तरीही थोडी असहमती नोंदवते. सत्कर्मांचा हिशेब सोडून ऋणांचा हिशेब ठेवला तरी शेवटी तो हिशेबच. ‘आम्ही तुझ्यासाठी काय काय केले’ हे आमच्या पिढीने आईवडिलांकडून पुष्कळ ऐकले आहे. मुलांच्या डोक्यावर सगळ्या जगाचे देणे बसवले, तर त्यांनी घेतलेला प्रत्येक घास उपकाराचा होईल. उतराई होण्याच्या ओझ्याखाली आयुष्य काढलेली माणसे मी माहेरी पाहिली आहेत. एक काका मरेपर्यंत कोणाकडचा चहासुद्धा घेत नसत, परत करावा लागेल म्हणून.

सांगलीचा दिवाणजी (गुरुवार, सकाळी ७.३०)

ताई, आपले म्हणणे रास्त आहे. यावर एक आठवण सांगतो. एका शेतकरी कुटुंबाचे आमच्या पेढीवर तीन पिढ्यांचे खाते होते. दरवर्षी हिशेब पुरा व्हायचा, पण शेवटी सव्वा रुपया शिल्लक ठेवून पुढच्या वहीत ओढला जायचा. कधी त्यांच्या बाजूला, कधी आमच्या. मी नवीन होतो तेव्हा तो मिटवून टाकला, तर मालकांनी मला बोलावून विचारले, “त्यांच्याशी भांडण झाले का?” खाते पूर्ण मिटले म्हणजे संबंध तुटला, असा त्याचा अर्थ होता. आपल्या काकांना प्रत्येक वेळी सव्वा रुपयासुद्धा मिटवायचा होता, असे मला वाटते.

मुलांना फेडायला सांगू नये. नुसते लिहायला सांगावे.

चिंचगूळ (गुरुवार, सकाळी ८.०५)

दिवाणजी, माझे या स्थळावरच्या तीन जणांकडे चहा बाकी आहेत. ते मी संबंध टिकवण्यासाठी ठेवले आहेत, हे आता त्यांना सांगता येईल.

खडूफळा (गुरुवार, रात्री ९.२०)

दिवाणजींचे म्हणणे मला शाळेपुरतेही उपयोगी आहे. आमच्याकडेही कधीकाळी ‘आजचे सत्कर्म’ असा फलक होता. त्यावर वर्षभर वर्गातल्या त्याच चार मुलांची नावे येत असत, आणि ती सगळी घरी पुरेसे खाऊन येणारी मुले होती. ज्याच्याजवळ देण्यासारखे काही आहे, त्याचेच नाव फलकावर येते. जमेची बाजू लिहायला घेतली तर चित्र उलटे होईल. उद्या परिपाठात करून पाहतो.

अंगणवेल, माझा पहिला प्रतिसाद थोडा कठोर झाला होता. तरी अंगणाचा प्रश्न मी मागे घेत नाही.

अंगणवेल (तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९.५०)

सर्वांना नमस्कार. उशिरा येते आहे. मधल्या काळात मुलाला ताप होता आणि सासूबाईंच्या दाताचे काम निघाले होते.

वही उलटी केली आणि मागच्या पानापासून नव्याने सुरू केली. दिवाणजी काकांनी सांगितले तशी पानापानावर खाती उघडली. त्यासाठी मुलीला जमा-नावे शिकवावे लागले. दोन दुपारी त्यात गेल्या आणि अपूर्णांक मागे पडले. धाकटा मात्र लगेच तयार झाला, कारण त्याला खात्यांना नावे द्यायची होती. पहिली अडचण तिथेच आली. चार वर्षे रोज सकाळी आमच्या दाराशी दूध ठेवून जाणाऱ्या दादांचे नाव घरात कोणालाही माहीत नव्हते. सासूबाईंना त्यांचे गाव माहीत होते, भोरजवळचे; नाव त्यांनाही ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी मुलगी साडेपाचचा गजर लावून उठली आणि विचारून आली. आतापर्यंत अशी सहा नावे गोळा झाली आहेत. कचऱ्याच्या गाडीवरच्या मावशींनी ‘नाव कशाला हवे, तक्रार आहे का?’ असे विचारले, तेव्हा मुलीला रडू आले. पुढच्या दिवशी ती आजीला घेऊन गेली, मग नाव मिळाले.

काही नोंदी जशाच्या तशा देते. ‘बाबांनी पंख्याचा आवाज बंद केला, स्टुलावर तीन वेळा चढले.’ ‘आजीने कवळी दुखत असताना गोष्ट पूर्ण केली.’ ‘आईने माझी उलटी पुसली.’ ही शेवटची धाकट्याची आहे. ती लिहून घेताना माझे अक्षर बिघडले. तळ्यात मळ्यात, आपली शंका मी विसरलेले नाही; गेल्या आठवड्यात मुलगी म्हणाली, “आई, जमाच एवढे झाले, आता नावे कोणाच्या काय टाकायचे?” मी तिला सव्वा रुपयाची गोष्ट सांगितली. तिला ती कितपत कळली, देव जाणे. सव्वा म्हणजे किती, हे मात्र तिने बरोबर सांगितले.

गुरुजी, अंगणाबद्दल. आमच्या इमारतीच्या वॉचमनची मुलगी पाचवीत आहे, महानगरपालिकेच्या शाळेत जाते. तिला अभ्यासाला बोलवावे, असे माझ्या मनात आले होते. पण ते पुन्हा डाव्या पानावर लिहिण्यासारखे होते, म्हणून थांबले. तेवढ्यात मुलीनेच तिला पार्किंगमध्ये गजगे खेळताना पाहिले आणि शिकव म्हणाली. आता रोज संध्याकाळी पाच ते सहा तिथे बैठक असते. वहीत त्या मुलीचे खाते सगळ्यात मोठे झाले आहे. एकीचे गजगे झेलण्याचे कसब आणि दुसरीचे वरचेवर हरणे, असे ते शिक्षण आहे. काल माझी मुलगी पहिल्यांदा रागावून, डाव अर्धा सोडून वर आली. कोणी पटत नसतानाही शेजारी बसायचे, ते मला द्यायला जमले नव्हते. आज ती आपणहून परत खाली गेली.

तो कुरिअरवाला मुलगा पुन्हा आला नाही. आता दुसराच कोणीतरी येतो. त्याचे नाव मिळाले नाही. वहीत त्याचे खाते ‘निळ्या पिशवीचे दादा’ या नावाने आहे आणि त्यात एकच ओळ आहे: ‘लिफ्ट बंद होती.’ ती धाकट्याच्या लक्षात होती. माझ्या नव्हती.

कास्तकार दादा, पोळ्याच्या आमंत्रणाबद्दल मुले रोज विचारतात. आपण मनापासून म्हणाला असाल तर आम्ही खरोखर येऊ.

कास्तकार (रविवार, रात्री १०.१५)

आवतन दिले म्हणजे दिले. खांदेमळणीच्या दिवशी दुपारपर्यंत पोचा, जेवण दुसऱ्या दिवशी आहे. जुने कपडे आणा, हळदीचे डाग जात नाहीत.

रातराणी (रविवार, रात्री १०.४०)

मुलीला माझा निरोप सांगा. गजगे खेळताना वर उडवलेल्या गजग्यावर नजर ठेवायची, खाली पसरलेल्यांकडे पाहायचे नाही. हात त्यांच्यापर्यंत आपोआप जातो. आणि फरशीपेक्षा शेणाने सारवलेली जमीन बरी, पण धायरीला ती कुठून मिळणार. जुनी सतरंजी अंथरा.